आई, अडकित्ता आणि कलम ११९

पाहुणे आले की इथे नेदरलँड्समध्ये आइंदहोवनच्या मराठी मंडळींची एक ठरलेली टूर असते, ट्युलिप, पवनचक्क्या, अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे, मग रात्रीच्या बसने पॅरिस आणि परत येताना कुणाच्या तरी पायाला फोड. आई दोन वर्षांपूर्वी हे सगळं करून गेलेली, त्यामुळे यंदा आल्या आल्या म्हणाली, मला परत बागा दाखवू नकोस, फुलं बघून झालीत. आता झालं असं होतं की आमच्या ऑफिसात वर्क्स कौन्सिल, म्हणजे कर्मचाऱ्यांची समिती आहे, इथे ५० किंवा जास्त माणसं असली की कंपनीला ती ठेवावीच लागते, आणि "तू बोलतेस चांगलं" म्हणून मला तिच्यावर ढकललेलं. सारख्या कामाला बाईला आणि पुरुषाला पगार सारखा आहे का हे कंपन्यांनी उघड करायचा युरोपियन कायदा २०२३ मध्ये झालाय, देशांना तो लागू करायला जून २०२६ ची मुदत, त्याच्यावर मीटिंगांवर मीटिंगा चाललेल्या. तिथे एक बेल्जियन सहकारीण सहज बोलून गेली की हे सगळं आमच्याकडच्या बंदुकीच्या कारखान्यातून आणि एका एअर होस्टेसमुळे सुरू झालंय. म्हटलं बंदूक आणि एअर होस्टेस, हे बघायलाच पाहिजे.

आई भोसरीत एका कंपनीच्या पॅकिंग लाइनवर २२ वर्षं होती. तिला प्लॅन सांगितला तर म्हणाली, म्हणजे सुट्टीत पण कारखानेच बघायचे? पण आली.

शुक्रवार, ब्रसेल्स

युरोपियन पार्लमेंटच्या शेजारच्या माहिती केंद्रात शिरताना एअरपोर्टसारखी तपासणी असते आणि त्या मशीनमध्ये आईची पर्स अडकली. गार्डने आतून अडकित्ता बाहेर काढला. दोन मिनिटं तो उलटासुलटा करून बघत होता, हे नक्की काय हत्यार आहे म्हणून, मी आपली इंग्लिश-डच-हातवारे सगळं वापरून सुपारी समजावतेय आणि आई मागून मराठीत, "अहो, दात नाहीत ना आता माझे, बारीक करून लागते." शेवटी त्याने एक टोकन देऊन ठेवून घेतला. पुढचा दीड तास आईचं युरोपियन लोकशाहीत लक्ष कमी आणि अडकित्त्यात जास्त.

तरी एका गोष्टीने ती थांबली. पार्लमेंटच्या एका मोठ्या इमारतीला ज्या माणसाचं नाव आहे तो अल्तिएरो स्पिनेल्ली, मुसोलिनीने त्याला व्हेंतोतेने नावाच्या बेटावर डांबला होता आणि तिथे १९४१ मध्ये त्याने आणि एर्नेस्तो रॉस्सीने मिळून सिगरेटच्या कागदावर एकसंध युरोपचा जाहीरनामा लिहिला. तो बेटाबाहेर काढला उर्सुला हिर्शमान या बाईने. आई म्हणाली, "आणि बिल्डिंगला नाव कुणाचं? बाप्याचं." आता यावर मी काय बोलणार.

बाहेरच्या मोकळ्या जागेला "सॉलिडार्नोश्च १९८०" असं नाव दिलंय, पोलंडच्या ग्दान्स्कमधल्या जहाजबांधणी कामगारांच्या युनियनवरून. आणि तिथून उतरून लक्झेंबर्ग चौकात आलं की मधोमध जॉन कॉकेरिलचा पुतळा. हा लिएजकडचा मोठा कारखानदार, तो वर उभा आणि खाली पायाशी चार कामगार. गुरुवारी संध्याकाळी याच चौकात पार्लमेंटातली तरुण पोरं बियर प्यायला गर्दी करतात म्हणे, आम्ही गेलो तेव्हा शुक्रवार, सगळे गावाला गेलेले, नुसती कबुतरं. आईने पुतळ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "मालक वर, माणसं खाली, हे बरोबर दाखवलंय."

संध्याकाळी युरोपियन इतिहासाचं म्युझियम पाहिलं, फुकट आहे, हातात टॅब देतात आणि त्यात २४ भाषा. माल्टाची लोकसंख्या पाचेक लाख, त्यांची माल्टीज त्यात आहे, आपण आठ कोटींच्या वर मराठी बोलणारे आणि आम्ही इंग्लिश लावून बसलो. माहित्ये, आपण मेंबर नाही, तरी चुटपुट लागते.

शनिवार, लिएज आणि हेर्स्टाल

ब्रसेल्सहून तासाभरात लिएज. स्टेशन कसलं आहे, काच आणि पांढऱ्या लोखंडाची प्रचंड मोठी लाट, कालात्रावा या आर्किटेक्टने बांधलेलं. पण आम्हाला जायचं होतं शेजारच्या हेर्स्टालला, जिथे टुरिस्ट जात नाहीत आणि का जात नाहीत ते उतरल्यावर कळतं. करड्या भिंती, बुटकी घरं, एक कबाबवाला.

कारखान्याचं नाव फाब्रिक नासिओनाल, लोक नुसतं एफ एन म्हणतात, १८८९ पासूनचा. आत जाऊ देत नाहीत हे उघडच आहे, अजूनही तिथे शस्त्रं बनतात. आपल्याकडच्या पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं जी एसएलआर रायफल दिसायची तिचं मूळ डिझाइन इथलं, आपल्याकडे ती इशापूरच्या फॅक्टरीत बनायची. माझे मामा एसआरपीत होते, त्यांच्या त्या रायफलबरोबरच्या फोटोची आईला आठवण झाली आणि मग गेटसमोर उभं राहून पाच मिनिटं मामाचंच पुराण.

तर गोष्ट अशी. १९५७ मध्ये सहा देशांनी रोमचा करार केला, आजच्या युरोपियन युनियनची सुरुवातच ती, आणि त्यात कलम ११९ होतं, सारख्या कामाला स्त्री-पुरुषांना सारखं वेतन. वाचून वाटतं काय थोर लोक. थोर कसले, फ्रान्समध्ये आधीच समान वेतनाचा नियम होता आणि त्यांच्या कापड गिरणीवाल्यांना भीती होती की शेजारचे देश बायकांना कमी पैसे देऊन स्वस्त माल आमच्या बाजारात ओततील, म्हणून फ्रान्सने ते कलम हट्टाने घालायला लावलं. म्हणजे बायकांचा कळवळा वगैरे काही नाही, धंद्याचा हिशेब. आणि एकदा लिहिल्यावर ते अमलात आणायची तारीखसुद्धा ढकलली, १९६२ ची १९६४ अखेर केली, आणि ती पण उलटून गेली तरी कुणी काही केलं नाही.

इथे एफ एनमध्ये हजारो बायका मशीनवर. त्यांना नावच पडलेलं "फाम-मशीन", मशीनबायका. तेलाने भिजलेले अ‍ॅप्रन, दिवसभर तेच एक काम, आणि पगाराची यादी बघितली तर झाडूवाल्या पुरुषाच्याही खाली. वर जायची शिडीच नाही, कारण बाई म्हणजे कुशल कामगार नव्हेच असं धरलेलं. १६ फेब्रुवारी १९६६ ला त्यांनी मशीन बंद केली. तीन हजारांवर बायका, १२ आठवडे. त्यांच्याकडून पार्ट येईनात म्हणून पुढे पुरुषांचंही काम थांबलं, हजारो पुरुष घरी बसले, आणि मग घराघरात काय तमाशे झाले असतील ते आईला मला सांगावं लागलं नाही.

एलियान फोगेल-पोल्स्की नावाची एक वकील बाई ब्रसेल्सहून त्यांच्याकडे आली आणि तिने सांगितलं की अगं तुम्ही मागताय ते तुमच्या देशाने आधीच सही करून कबूल केलंय, कलम ११९. संपाच्या फलकांवर हे कलम आलं. मला हा प्रसंग डोळ्यासमोर येतो, तेलकट हातांच्या बायकांमध्ये एक वकीलीण कराराचा कागद घेऊन उभी. मागणी होती तासाला पाच फ्रँक वाढ, मिळाले पावणेतीन. समान वेतन नाहीच मिळालं. पण तोपर्यंत शार्लरुआच्या इलेक्ट्रिकल कारखान्यातल्या बायका पण उठल्या होत्या आणि कलम झोपेतून जागं झालं होतं.

आईने सगळं ऐकून विचारलं, "पावणेतीनच?" मग म्हणाली, आमच्याकडे पण कायदा होता की. खरंय, आपला समान वेतनाचा कायदा १९७६ चा. "मग?" "मग काय, त्याला ऑपरेटर लिहायचे आणि मला हेल्पर. काम तेच. कायदा काय करणार, रजिस्टरला वेगळं लिहिलंय ना." ही गोष्ट तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. घरी विषय निघायचे ते डबे, ओव्हरटाइम आणि सुपरवायझरची नक्कल एवढेच. तिचा आणि माझ्या मीटिंगमधल्या जॉब ग्रेडच्या तक्त्याचा प्रश्न एकच आहे हे मला हेर्स्टालच्या कबाबवाल्याकडे फ्राइज खाताना कळलं.

परत येताना ट्रेनमध्ये एअर होस्टेसचा भाग सांगितला. गाब्रिएल देफ्रेन, सबेना या बेल्जियन विमान कंपनीत १९५१ पासून. करारात अट, होस्टेसने चाळिशीला नोकरी सोडायची, स्टुअर्ड पुरुषांना ही अट नाही. १९६८ मध्ये तिला चाळीस पुरी झाली, घरी पाठवली. पगार कमी, पेन्शनचा घोळ वेगळा. तिची केस घेतली त्याच फोगेल-पोल्स्कीबाईंनी. तीन फेऱ्या झाल्या. पहिली हरली. दुसरीत ८ एप्रिल १९७६ ला लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टाने सांगितलं की कलम ११९ हे नुसतं सरकारांसाठी लिहिलेलं नाही, कुठलीही बाई ते घेऊन थेट आपल्या देशाच्या कोर्टात जाऊ शकते, खाजगी कंपनीविरुद्धसुद्धा. पण सरकारं घाबरली की आता सगळ्या बायका वीस वर्षांची थकबाकी मागतील, म्हणून कोर्टाने त्यातच म्हटलं की मागची थकबाकी फक्त ज्यांनी आधीच केस केलीय त्यांना. देफ्रेनची थकबाकी होती १२,७१६ फ्रँक. आणि तिसऱ्या फेरीत, ते चाळिशीला घरी बसवण्याबद्दल, ती परत हरली. म्हणजे ज्या बाईच्या नावाने युरोपभर कायद्याचे विद्यार्थी परीक्षा देतात तिची नोकरी गेली ती गेलीच.

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चाळिशीला म्हातारी म्हणाले. मी तर चाळिसाव्या वर्षी लागले कामाला."

रविवार, मार्सिनेल

शार्लरुआ शहराबद्दल सगळ्यांनी सांगितलं होतं की जाऊ नका, घाण आहे. गाव सुस्त आहे हे खरं, रविवारी तर चहा मिळायची मारामार. मी दुकानं बंद म्हणून कुरकुरत होते तर आईने झापलं, म्हणाली रविवारची सुट्टी काय फुकट मिळालीय का. तिचे वडील परळच्या गिरणीत होते, त्यामुळे नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला हे आमच्या घरात रामरक्षेसारखं पाठ आहे. गप्प बसले आणि बिस्किटं खाल्ली.

बुआ दु काझिए ही कोळशाची खाण, शहराच्या कडेला मार्सिनेलमध्ये. आता म्युझियम आहे आणि २०१२ पासून जागतिक वारसा. मागे टेकड्या दिसतात, हिरव्यागार, आईला वाटलं डोंगर. डोंगर नाहीत, खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीचे ढीग आहेत, त्यावर आता झाडं आलीत.

युद्ध संपल्यावर बेल्जियमला कोळसा हवा होता आणि खाणीत उतरायला स्थानिक माणूस तयार नव्हता. इटलीकडे बेकार माणसं होती आणि कोळसा नव्हता. १९४६ मध्ये दोन सरकारांनी करार केला, ५० हजार माणसं द्या आणि कोळसा घ्या. सरळ अदलाबदल, गव्हाला ज्वारी दिल्यासारखी. इटलीत गावोगाव गुलाबी पोस्टरं लागली, पगार, रजा, घर, सगळं छान छान लिहिलेलं. आल्यावर घर म्हणजे लढाईतल्या कैद्यांसाठी बांधलेले पत्र्याचे खोके.

८ ऑगस्ट १९५६, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. ९७५ मीटर खोलीवर एक डबा लिफ्टच्या पिंजऱ्यात अर्धवट बसला, सूचनांचा घोळ झाला, पिंजरा तसाच वर निघाला आणि बाहेर आलेल्या डब्याने तेलाचा पाइप आणि विजेच्या केबल तोडल्या. आग. २६२ माणसं गेली, त्यातली १३६ इटालियन, एकूण बारा देशांची. बायका लोखंडी फाटकाच्या गजांना धरून दोन आठवडे उभ्या होत्या, शेवटी तळापर्यंत पोचलेला बचाव पथकाचा माणूस वर येऊन म्हणाला, "तुत्ती कादावेरी." सगळे प्रेतं. ते फाटक अजून आहे. आई त्याला हात लावून उभी राहिली आणि मी तिचा फोटो काढायला मोबाइल काढला आणि परत ठेवला.

कोर्टात पुढे काय झालं? शेवटी एका मॅनेजरला सहा महिन्यांची शिक्षा, ती पण स्थगित, आणि थोडा दंड. बस.

पण एक गोष्ट झाली. तेव्हा सहा देशांचा कोळसा आणि पोलादाचा संघ होता, युरोपियन युनियनच्या आधीचं पाऊल, त्याने १९५७ मध्ये खाणींच्या सुरक्षेसाठी कायमचा आयोग नेमला. इटलीने माणसं पाठवणं थांबवलं. मग बेल्जियमने काय केलं, खाणी सुधारल्या? सुधारल्या थोड्या, पण मुख्य म्हणजे माणसं दुसरीकडून आणली, स्पेन, ग्रीस, नंतर मोरोक्को आणि तुर्कस्तान. ब्रसेल्समध्ये आम्हाला पुदिन्याचा चहा पाजणाऱ्या मोरोक्कन आजोबांच्या दुकानाचं मूळ कदाचित इथेच कुठेतरी असेल.

सोमवार, वाटेत

रेल्वेचा संप. पेन्शनच्या बदलांविरुद्ध. आदल्या दिवशी अ‍ॅपवर येतं कुठल्या गाड्या धावणार ते, तेवढ्याच धावतात. तीन दिवस कामगारांच्या हक्काच्या गोष्टी करून मी नामूर स्टेशनवर अडीच तास थंडीत उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "यांना आजच मिळाला का संप करायला!" आईने नुसतं बघितलं. शेजारचा एक म्हातारा बेल्जियन मात्र शांतपणे सँडविच खात होता, म्हणाला मीही करायचो.

लक्झेंबर्गला पोचेपर्यंत संध्याकाळ. बस-ट्राम सगळं फुकट आहे या देशात, २०२० पासून, आई तेवढ्याने खूश, दोनदा उगाच ट्रामने फिरलो. कोर्ट बाहेरूनच पाहिलं, किर्शबर्गच्या पठारावर सोनेरी जाळीचे तीन टॉवर. देफ्रेनला हात देणारं कोर्ट हेच. पण याच कोर्टाने डिसेंबर २००७ मध्ये लावाल केसमध्ये कामगार युनियनला फटका दिला होता. लॅटव्हियाची कंपनी स्वीडनमध्ये शाळा बांधायला आपले मजूर घेऊन आली, स्वीडिश युनियन म्हणाली इथल्या दराने करार करा, कंपनी नाही म्हणाली, युनियनने नाकाबंदी केली, आणि कोर्ट म्हणालं कंपनीला कुठेही जाऊन सेवा द्यायचं स्वातंत्र्य आहे, ही नाकाबंदी जास्तीची झाली. लॅटव्हियन मजुरांना काम हवं होतं आणि स्वीडिश कामगारांना दर टिकवायचा होता, मला दोघांचंही पटतं, म्हणूनच हा प्रश्न डोकं फिरवतो. परदेशी पाठवलेल्या कामगाराला त्या जागेचा पूर्ण मोबदला, हा नियम व्हायला २०१८ उजाडलं. तो पार्लमेंटातून ओढून नेणाऱ्या दोघींपैकी एक आन्येस योंगेरियस, आमच्या नेदरलँड्सच्या सगळ्यात मोठ्या कामगार संघटनेची आधीची अध्यक्ष.

मंगळवार, स्ट्रासबर्ग

पार्लमेंटची मुख्य बैठक स्ट्रासबर्गला भरते, वर्षातून बारा वेळा, चार-चार दिवस. त्यासाठी ब्रसेल्सहून खासदार, सेक्रेटरी, दुभाषे, ट्रंका भरभरून फायली सगळं इकडे येतं आणि परत जातं, कारण करारातच तसं लिहिलंय आणि बदलायला सगळ्या देशांची संमती लागते, फ्रान्स कशाला देईल. आपल्याकडे नागपूर अधिवेशन असतं ना, तसंच, फक्त संत्री नाहीत.

इमारतीला नाव लुईज वाइस यांचं, बायकांच्या मताधिकारासाठी लढलेली पत्रकार, १९७९ च्या पहिल्या थेट निवडणुकीत निवडून आलेली सगळ्यात वयस्क खासदार. आईला म्हटलं बघ, इथे बाईचं नाव. त्याच वर्षी अध्यक्ष झाल्या सिमोन व्हेल, आउश्वित्झमधून वाचलेल्या. आई म्हणाली, मग ब्रसेल्सवाल्यांना माफ केलं.

यावेळी अडकित्ता हॉटेलवर ठेवला होता पण पासपोर्टही हॉटेलवर राहिला, मग परत, मग धावतपळत. गॅलरीत तासभर बसायला मिळतं. ७२० खासदार, देशाप्रमाणे नाही, पक्षगटाप्रमाणे बसतात. मतदानाची वेळ होती. मला वाटलेलं काहीतरी भाषणं, टाळ्या. कसलं काय, अध्यक्ष दुरुस्त्यांचे नंबर वाचतायत, हात वर, हात खाली, मंजूर, नामंजूर, पुढचा नंबर, बँकेत टोकन पुकारल्यासारखं. आई हेडफोनवर भाषा बदलत बसलेली, ग्रीक, फिनिश, जे मिळेल ते. पंधरा मिनिटांनी हळूच म्हणाली, "यातला एखादा नंबर कुणाच्या तरी पगाराचा असेल का गं?" असेल की. तरी गंमत बघा, कामगारांसाठी कायदे करायच्या यादीतून करारानेच पगार, संघटना करायचा हक्क आणि संप वगळलेत. पार्लमेंटला स्वतःहून कायद्याचा मसुदाही मांडता येत नाही, तो युरोपियन कमिशनने, म्हणजे त्यांच्या सरकारासारख्या यंत्रणेने आणायचा. किमान वेतनाचा २०२२ चा कायदा म्हणूनच आकडा सांगत नाही, आडवळणाने जातो.

दुपारी नदीपलीकडचं मानवी हक्क कोर्ट, दोन मोठाले स्टीलचे डबे असावेत अशी इमारत. सगळे गोंधळतात म्हणून सांगते, हे युरोपियन युनियनचं नाही, ४६ देशांच्या युरोप कौन्सिलचं आहे, बारा ताऱ्यांचा झेंडा पण मुळात त्यांचाच, १९५५ चा, युनियनने नंतर घेतला. बेलफास्टच्या जेफ्री डजनने इथे केस केली होती, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध, आणि १९८१ मध्ये जिंकला. त्या निकालाचा आधार २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने घेतला आणि २०१८ मध्ये ३७७ च्या निकालात सुप्रीम कोर्टानेही. फाटकाबाहेर एक माणूस प्लास्टिक गुंडाळलेला फलक घेऊन पावसात बसला होता, कुठल्या भाषेत ते कळलं नाही. आईने त्याला चिवडा दिला.

रात्री पाय इतके दुखत होते की जेवण मागवलं. रायडर आला तो जालंधरचा निघाला, पंचविशीचा असेल, जॅकेटमधून पाणी गळतंय. आईने दारातच धरला, कितने घंटे करते हो. बारा, कधी चौदा. मी उगाच हुशारी करत म्हटलं की २०२४ ला तुमच्यासाठी युरोपियन कायदा झालाय, अ‍ॅपवाल्यांना तुम्ही नोकर नाही हे सिद्ध करावं लागेल, नुसत्या अल्गोरिदमने काढून टाकता येणार नाही, डिसेंबर २०२६ पर्यंत सगळ्या देशांना लागू. तो नम्रपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दीदी, आयडी मेरी नहीं है, दोस्त की है. हर हफ्ते उसको देना पड़ता है."

"संडे को छुट्टी?" आईने विचारलं.

"संडे को तो सबसे ज़्यादा ऑर्डर आता है आंटी."

फोन वाजला, पुढची ऑर्डर, तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. आई पिशवी हातात घेऊन खिडकीपाशी उभी राहिली, तो कोपऱ्यावर वळेपर्यंत. मग म्हणाली, "लाइट नाहीये गं त्याच्या सायकलला."